साहेबांसाठी झाडलेलं खळं

खळं म्हणजे काय, हे शहरातल्या माणसांना सांगताना मला आधी शेतकऱ्याचं खळं सांगावं लागतं आणि मग ते पुसून आमचं सांगावं लागतं. शेतकऱ्याच्या खळ्यावर धान्य मळतात, आमच्या खळ्यावर मासळी सुकायची. रेवदंड्याची खाडी ओलांडून काशीदकडे निघालं की वाटेत एका वळणावर आमचा कोळीवाडा लागायचा. घरं आणि समुद्र यांच्यामधे वाळूमातीचा एक सपाट पट्टा होता, तेच खळं. त्याच्या अर्ध्या भागात बांबूच्या वलांड्या उभ्या असत. दोन खांब, त्यांच्यामधे एकाखाली एक ताणलेल्या दोऱ्या, आणि दोऱ्यांवर जोडीजोडीनं टांगलेले बोंबील, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. उरलेल्या भागात जमीन शेणानं सारवलेली असे आणि तिच्यावर जवळा, म्हणजे अगदी बारीक कोलंबी, पसरलेला असे. पावसाळ्याचे महिने सोडले तर हे खळं मी कधी रिकामं पाहिलं नव्हतं. अपवाद एकच, शिमग्याचा. शिमग्याला देवीची पालखी खळ्यावर येऊन नाचायची, तेव्हा आदल्या दिवशी सगळ्या वलांड्या उतरवून, जमीन झाडून, सारवून, रांगोळी घालून ठेवायची रीत होती. देवीच्या पायाखाली सुकट येऊ नये, एवढंच त्यामागे होतं. ही रीत लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. खरं तर माझ्यामुळे झालं, पण तिथपर्यंत यायला मला थोडा वेळ लागेल.

खळ्याचा कुठे कागद नव्हता. बांध नव्हते, दगड नव्हते, तरी कुणाची जागा कुठे संपते हे प्रत्येक बाईला ठाऊक होतं. होड्या बापाकडून मुलाकडे जात आणि खळं सासूकडून सुनेकडे. पुरुषांना त्यात पाय ठेवायची गरज पडत नसे. प्रत्येक तुकड्याला कुणातरी मेलेल्या बाईचं नाव होतं. हिरूचं खळं, बारकीचं खळं, तसं आमचं ‘धाकलीचं खळं’. ही धाकली माझ्या आजीची सासू. तिला पाहिलेलं कुणी माझ्या लहानपणी जिवंत नव्हतं, पण तिचं नाव आमच्या घरात दिवसातून दहादा घेतलं जायचं. “धाकलीवर ऊन आलं काय बघ गो,” असं आई म्हणायची, तेव्हा ती जमिनीबद्दल बोलत असायची. लग्न होऊन आली त्या दिवशी सासूनं आईला घर दाखवायच्या आधी खळं दाखवलं होतं. घर नवऱ्याचं आणि खळं तुझं, असं स्पष्ट सांगितलं होतं म्हणे. आईच्या अंगावर फारसं सोनं नव्हतं आणि तिला सही येत नव्हती. तिचं स्वतःचं असं काही जगात होतं तर ते तेवढंच, आणि माझं शिक्षण त्यातूनच झालं.

आमच्या घराचे आवाज मला अजून क्रमानं आठवतात. उजाडायच्या सुमाराला होड्यांची मशीनं खाडीच्या तोंडातून टुकटुकत आत यायची. त्या आवाजावरून आई आमची होडी ओळखायची आणि चूल सोडून पाटी उचलायची. मग किनाऱ्यावरचा कालवा, मग खळ्यावर बायांच्या गप्पा, मग दिवसभर कावळे हाकणं. कावळे हाकायचं काम आम्हा पोरींचं. त्यासाठी एक फाटकं जाळं काठीला बांधून फिरवायचं आणि ‘हाडे हाडे’ ओरडायचं. मला चौथीपर्यंतचे पाढे त्या ओरडण्याच्या मधे मधेच पाठ झाले. दुपारी तांदळाची भाकरी आणि चुलीत भाजून कुस्करलेल्या बोंबलाची चटणी. लसूण, तिखट, वर कच्च्या खोबरेलाची धार. ओलं म्हावरं दारात असून आम्ही सुकं खायचो याचं पाहुण्यांना नवल वाटे. ओलं विकायचं आणि सुकं खायचं, एवढा साधा हिशेब होता. आता डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आहे, त्यामुळे ती चटणी मी महिन्यातून एकदा खाते आणि त्या दिवशी गोळी आठवणीनं घेते.

वासाबद्दल बोललंच पाहिजे. लहानपणी मला आमच्या घराला वास आहे हे माहीत नव्हतं. बारावी होऊन अलिबागच्या कॉलेजात गेले तेव्हा कळलं. माझ्या वर्गात सुलभा नावाची नारळी-पोफळीच्या वाडीवाल्यांची मुलगी होती. मनानं चांगली, वह्या द्यायची, डबा द्यायची. एकदा एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो आणि माझ्या पिशवीत कुणासाठी तरी दिलेली सुकटीची पुडी होती. सुलभानं फक्त खिडकी उघडली. एवढंच. पण मी त्या दिवसापासून कॉलेजला जाताना केस दोनदा धुवायला लागले, कपडे खळ्यापासून लांब, मागच्या दारी वाळत घालायला लागले आणि आईनं जवळ घेतलं तर आखडून उभी राहायला लागले. आईला ते कळलं होतं. ती मला जवळ घेताना हात आधी पदराला पुसायची. हे लिहिताना मला आज लाज वाटते. तेव्हा मात्र लाज वाटत होती ती तिच्या हातांची.

याच वर्षांत किनारा बदलायला लागला. एकाएकी नाही, हळूहळू. आधी बर्फाच्या गाड्या आल्या. कोलंबी, पापलेट, हलवा किनाऱ्यावरच उचलायचे आणि थेट परदेशी पाठवायचे म्हणे. पुरुषांच्या खिशात रोख खुळखुळायला लागलं. बाबांना वाटायला लागलं की ओलं दारात उचललं जातं, तर सुकवायची कटकट करायची कशाला. मग गावातले तरणे मुलगे समुद्राला कंटाळले आणि उरण, पनवेल, न्हावाशेवाकडे कंटेनरच्या यार्डात लागले. त्यांच्या जागी होड्यांवर खलाशी म्हणून उत्तरेकडचे लोक आले. पहिल्या वर्षी त्यांना समुद्र लागायचा, दुसऱ्या वर्षी ते आमच्या पोरांपेक्षा चांगली जाळी शिवायला लागले. आणि मांडव्याच्या धक्क्यावर मुंबईहून बोटीनं उतरून पांढऱ्या चपलांतली माणसं जमिनी बघत फिरायला लागली. ती नारळाच्या वाडीत उभी राहायची आणि झाडाकडे न बघता झाडांच्या मधल्या जागेकडे बघायची. आमच्या गावातल्या दोन वाड्या विकल्या गेल्या, तिथे बंगले उठले, त्या बंगल्यांवर आंध्रातले गवंडी आणि ओडिशातले सुतार आले. सकाळच्या आवाजात मशीनच्या टुकटुकीबरोबर फरशी कापायच्या यंत्राचा आवाज मिसळला. कुणाला त्याचं वाईट वाटलं असेल असं मला आठवत नाही. मला तर बरंच वाटत होतं. आपलं गाव आता सुलभाच्या गावासारखं होणार, असं वाटत होतं.

एके दिवशी ग्रामपंचायतीचा शिपाई एक कागद घेऊन आला. वाड्यात वाचता येणारे पुरुष समुद्रावर होते, म्हणून तो माझ्या हातात पडला. मी तो खळ्यावर उभी राहून मोठ्यानं वाचला. किनाऱ्यालगतच्या सरकारी जागांची मोजणी होणार होती. येत्या गुरुवारी मोजणीचे साहेब येणार, जागेवर कोणाचा काय प्रत्यक्ष वापर आहे ते पाहून नोंद करणार. बायांनी हातातली कामं थांबवली.

“सरकारी म्हंजे?” आईनं विचारलं. “हे तं आपलं खलं हाय.”

“कागदावर सरकारी आहे, आये,” मी म्हटलं. “पण वापर आपला आहे. ते आपलं नाव लिहून घेतील.”

“मंग बरं झालं,” आई म्हणाली. “एकदाचं धाकलीचं नाव कागदावर येल.”

सगळ्या खूश झाल्या. साहेब येणार म्हणजे त्यांना बसायला काय द्यायचं, पाणी कुणाकडचं, शहाळी कुणी काढायची, इथपर्यंत बोलणं गेलं. आणि मग मी म्हटलं, खळं साफ करून ठेवू या. आपण पालखीला करतो तसं.

हे वाक्य माझं. दुसऱ्या कुणाचं नाही. मी पुढे बरंच काही बोलले. साहेब लोकांना वास सहन होत नाही. ते नाकाला रुमाल लावून दोन मिनिटांत निघून जातील आणि काय वाटेल ते लिहितील. स्वच्छ माणसांचं म्हणणं लोक ऐकून घेतात. आपण गलिच्छ नाही हे त्यांना एकदा दिसू दे. मी हे इतकं मनापासून बोलले, कारण माझ्या डोळ्यांसमोर मोजणीचे साहेब नव्हते. एसटीची खिडकी होती.

विरोध केला तो एकट्या चांगुणा मावशीनं. ही आमच्या शेजारची, हिरूच्या खळ्याची मालकीण, विधवा, तोंडानं फटकळ. एका हातानं बोंबील अडकवत ती म्हणाली, “भाकरी थापताना पाव्हना आला तं कोन तवा उतरवतं काय गो? त्याला बोलायचं, बस, खा.”

“मावशी, हा खायला येणारा पाहुणा नाही. हा लिहायला येणार आहे.”

“मंग लिवू दे ना जे हाय ते. आपन काय चोरी करतो?”

“चोरी नाही गं, पण वास...”

“वास!” चांगुणा मावशी हसली. “तुजी कालेजची फी वासानंच भरली हाय नंदा. तवा न्हाय आला वास?”

बाया हसल्या. मी लाल झाले. आईनं माझी बाजू घेतली. “शिकलेली हाय ती, तिला कलतं सायबाचं,” असं म्हणाली. आईनं शब्द टाकला आणि बाकीच्या तिच्या मागून गेल्या. चांगुणा मावशीनं खांदे उडवले आणि ती पण कामाला लागली, कारण एकीचंच खळं घाण दिसणं बरं नव्हे.

दोन दिवस आम्ही खपलो. हंगाम ऐन भरात होता. अर्धवट सुकलेले बोंबील दोऱ्यांवरून उतरवून घरात, पडवीत, माळ्यावर, मिळेल तिथे कोंबले. त्यातले बरेचसे आंबले आणि नंतर नारळाच्या बुडाशी पुरावे लागले. वलांड्यांचे बांबू उपटले, बांधून घरामागे रचले. खांबांचे खड्डे दिसायला नकोत म्हणून मी ते मातीनं बुजवून घेतले. खवले, डोकी, जाळ्यांचे तुकडे, कावळ्यांची पिसं सगळं झाडून समुद्रात टाकलं. गावातल्या गोठ्यांतून शेण आणून सगळा पट्टा एकसारखा सारवला, इतका सुरेख, की एकीचं खळं कुठे संपतं आणि दुसरीचं कुठे सुरू होतं ते आम्हालाही कळेना. शाळेतून टेबल-खुर्ची आणली. आईनं ठेवणीतली चादर टेबलावर घातली. मी पाच मोरांची रांगोळी काढली. गुरुवारी सकाळी वारा समुद्राकडून येत होता आणि खळ्यावर शेणाचा आणि मिठाचा तेवढा स्वच्छ वास होता. मी खोल श्वास घेतला आणि मला अभिमान वाटला, हे मी लपवणार नाही.

साहेब दुपारी बाराच्या सुमाराला आले. त्यांच्याबरोबर साखळी धरणारे दोघे होते. वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे वाड्यातल्या लोकांनी त्याच्यावर पैसे खाल्ल्याचा आरोप केला आणि मला तो खरा वाटत नाही. सकाळपासून उन्हात तीन गावं करून तो दमला होता. शहाळ्याचं पाणी त्यानं एका दमात संपवलं आणि सभोवार नजर टाकून म्हणाला, “वा! अहो, या किनाऱ्यावर इतकी स्वच्छ जागा आजवर बघितली नाही. सगळीकडे नुसता पसारा असतो.” मी आईकडे बघितलं. आई पदर तोंडावर धरून हसत होती.

मापं घेऊन झाली. साहेब टेबलाशी बसून लिहायला लागले. चांगुणा मावशी पुढे झाली.

“सायेब, हितं आमी म्हावरं सुकवतो. हे माजं, ते तिचं, तिकरं बारकीचं.”

साहेबांनी मान वर केली. “कुठे, बाई?”

“हे काय, हे सगलंच.”

त्यांनी पुन्हा बघितलं. सारवलेली मोकळी जमीन, रांगोळी, पलीकडे समुद्र. “आत्ता तर काही दिसत नाही.”

“आत्ता तुमी येनार म्हनून काडलं!”

साहेब हसले. आम्हीही हसलो. मग ते समजावणीच्या सुरात म्हणाले, “बाई, मला जागेवर जे दिसेल ते लिहायचं असतं. सांगितलेलं लिहायला लागलो तर उद्या कुणी म्हणेल इथे माझा राजवाडा होता. तुमचं काही म्हणणं असेल तर अर्ज करा, तो जोडता येतो.” नंतर त्यांनी विचारलं, “साक्षीदार म्हणून सही करायला कोण आहे? लिहिता-वाचता येणारं हवं.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कागद माझ्यापुढे सरकला. मी तो वाचला. पूर्ण वाचला. ‘जागा मोकळी असून बांधकाम अगर वापर आढळून आला नाही.’ मी म्हटलं, “सर, पण वापर आहे.” ते म्हणाले, “ताई, ‘आढळला नाही’ असं लिहिलंय, ‘नाही’ असं नाही लिहिलं. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला फरक कळेल.” पुढे म्हणाले, “अर्ज द्या ना नंतर, त्यात काय.”

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ताई म्हणालं होतं, तेही साहेबानं. आईच्या चादरीवर कागद मांडून बसलेल्या, आमचं पाणी प्यालेल्या माणसाशी वाद घालायचा कसा, हेही मला कळेना. पाहुण्याशी भांडू नये हे आम्हाला भाकरीबरोबर शिकवलेलं. मी सही केली. आडनावासकट, वळणदार. ती माझी पहिली सरकारी सही. साहेबांनी अक्षर छान आहे म्हटलं आणि ते गेले. संध्याकाळी आम्ही वलांड्या पुन्हा उभ्या करायला घेतल्या. बुजवलेले खड्डे सापडता सापडेनात, आणि आपापली हद्द कुठली यावरून बायांमधे त्या खळ्यावर पहिल्यांदा भांडण झालं.

अर्ज आम्ही केला. एकदा नाही, चारदा. माझ्याच अक्षरात. मधल्या काळात खळ्यावर पुन्हा बोंबील सुकले, जवळा पसरला, मला वाटलं झालं, मिटलं. मग एका पावसाळ्यानंतर तिथे तारेचं कुंपण आलं. जागा पर्यटनासाठी भाड्यानं दिली होती. वाड्यातले पुरुष तेव्हा पहिल्यांदा जागे झाले, मोर्चा घेऊन अलिबागला गेले. उत्तरादाखल एक पत्र आलं आणि त्याला त्या पंचनाम्याची प्रत जोडलेली होती. बाबांनी ती माझ्या हातात दिली. खाली साक्षीदार म्हणून माझी सही होती. ती ओळखायला कुणाला वाचता यायची गरज नव्हती, कारण गावात तशी सही करणारं दुसरं कुणी नव्हतं.

चांगुणा मावशीनं तो कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला. मला वाटलं, आता शिव्या देणार. ती फक्त म्हणाली, “सही ब्येस केलीस गो.” त्यानंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही. वर्षभरात ती मुलाकडे उरणला गेली आणि तिच्या घरात ओडिशाचे सुतार भाड्यानं राहायला आले. काही दिवस आईनं कौलांवर बोंबील सुकवून पाहिले, पण कावळ्यांनी पुरू दिले नाहीत. पुढे ती अलिबागच्या बाजारात बसायला लागली. तिच्या पाटीत गुजरातहून ट्रकनं आलेली सुकट असायची, मिठानं पांढरी पडलेली. गिऱ्हाईक विचारायचं, गावची आहे का, आणि आई कधी खोटं बोलायची नाही, त्यामुळे तिचा धंदा फारसा झाला नाही. खळ्यावर हिरवळ लावली गेली. तिच्यावर पाणी मारायला परगावचा माळी होता. एकदा त्यानं आईला विचारलं, इथे गवत धरत नाही, जमीन खारट आहे, आधी इथे काय होतं. आईनं त्याला काय सांगितलं, मला ठाऊक नाही.

मी नवी मुंबईत एका कचेरीत लागले आणि तिथूनच मुदतीआधी निवृत्ती घेतली. गंमत म्हणजे नोकरीभर मी हेच केलं, लोकांचे अर्ज वाचून त्यांना काय जोडायचं राहिलंय ते सांगितलं. अर्ज लिहायला आलेल्या अडाणी बायांना मी जरा जास्त वेळ द्यायची, म्हणून सहकारी मला हसायचे. लग्न झालं, फ्लॅट झाला, बाबा गेले, आईला मी इकडे आणलं. ती यायला तयार नव्हती. पण वाड्यात तिच्या वयाचं कुणी उरलं नव्हतं, घरं कुलुपात किंवा भाड्यात होती, आणि सकाळी होड्यांची मशीनं ऐकून ओळखावी अशी कुठली आपली होडी राहिली नव्हती. सातव्या मजल्यावर आल्यावर पहिले सहा महिने ती गॅलरीत बसून नुसती खाली बघायची. मग एकदा तिनं माझ्या मुलाकडून बाजारातून ओले बोंबील मागवले, साफ केले, आणि कपड्यांच्या दोरीवर जोडीजोडीनं, जबड्यात जबडा अडकवून टांगले. तिची बोटं अजून तशीच चालत होती. मी ऑफिसातून आले आणि दारातच तो वास आला. मी पर्स खाली ठेवली आणि रडले.

गेल्या हिवाळ्यात सोसायटीत तक्रार झाली. सहाव्या मजल्यावरच्यांना त्रास होतो, कमिटी येऊन पाहणी करणार आणि अहवाल लिहिणार, अशी चिठ्ठी आली. रविवारी सकाळी दहाची वेळ. मी साडेनऊला स्वयंपाकघरातून बाहेर आले तर ऐंशी ओलांडलेली माझी आई स्टुलावर एक हात टेकून दोरीवरचे बोंबील काढत होती. खाली जवळा पसरलेलं सूप तिनं आधीच उचलून आत ठेवलं होतं आणि लादी पुसून घेतली होती.

“काय करतेस?”

“पाव्हनं येतात न्हवं? आवरायला नको?”

“राहू दे, आये. आहे तसं राहू दे.”

“वास येतो बोलतात.”

“येऊ दे.”

आई थांबली. हातातल्या बोंबलांची जोडी तिनं खाली-वर केली आणि माझ्याकडे बघितलं. गेल्या पस्तीस वर्षांत त्या गुरुवारबद्दल ती एक अक्षर बोलली नव्हती. आता म्हणाली, “तवा खलं झाडा बोललीस. आता न्हको बोलतंस. शिकलेल्या मानसाचं कायबी धड न्हाय.”

ती पुन्हा दोरीकडे वळली होती आणि काढलेल्या जोड्या एकेक करून परत टांगत होती. मी आतून जवळ्याचं सूप आणलं आणि ते होतं तिथे, उन्हात ठेवलं. मग मी दुसरी जोडी उचलली. मला ते नीट जमत नाही, जबडा सुटतो. आईनं माझ्या हातातून ती घेतली आणि अडकवून दाखवली, हात न पुसता.

दहाला बेल वाजली. सेक्रेटरी साताऱ्याकडचे, खालच्या मजल्यावरच्या गुजराती बाई, आणि एक तरुण इंजिनियर, बिहारकडचा. सगळेच कुठून कुठून आलेले, तसे आम्हीही. मी त्यांना चहा विचारला नाही. थेट गॅलरीत नेलं. गुजराती बाईंनी पदर नाकाला लावला. सेक्रेटरींनी पॅड उघडलं, पेन काढलं आणि दोरीकडे, सुपाकडे, आईकडे बघून सभ्यपणे विचारलं, “हे कधीपासून चालू आहे?”

“धाकलीपासून,” आई म्हणाली.

त्यांनी न समजून माझ्याकडे बघितलं.

“तसंच लिहा,” मी म्हटलं.